काँगा : एका ढोलाच्या नावांचा आणि मापांचा इतिहास

गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात ड्रमसेटच्या शेजारी ठेवलेले, कमरेइतक्या उंचीचे, मध्ये फुगीर आणि खाली निमुळते होत गेलेले दोन-तीन ढोल आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदे, हे ढोल सगळीकडे पोचले आहेत. निवेदक त्यांना 'काँगो' म्हणतो, थोडा जाणकार असेल तर 'काँगा' म्हणतो, आणि काही वादक सरळ 'तुंबा' म्हणतात. गंमत अशी की या तिघांत मूळ नावाच्या सर्वांत जवळ आहे तो 'तुंबा' म्हणणारा वादक. ज्या क्यूबा बेटावर हा ढोल घडला तिथे त्याचे नाव 'तुंबादोरा' असे आहे. (आपल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याशी या शब्दाचे काही नाते नाही, केवळ उच्चार जुळतो.) 'काँगा' हा शब्दही क्यूबात आहे, पण तो ढोलाचा नव्हे. तो रस्त्यावरच्या मिरवणुकीचा, तिच्यातल्या तालाचा आणि त्या तालावर चालत नाचणाऱ्या लोकांचा आहे.

वाद्यांच्या दुकानात गेलात तर विक्रेता तुम्हांला इंचांत बोलेल. साधारण 11 इंच तोंडाचा तो 'किंतो', पावणेबारा इंचांचा तो 'काँगा', साडेबारा इंचांचा तो 'तुंबा'. याहून लहान, दहा इंचांच्या आसपासचा 'रेकिंतो' आणि याहून मोठा, 14 इंचांपर्यंत जाणारा 'सुपर तुंबा' हेही मिळतात. कारखान्यागणिक पाव-अर्धा इंच इकडेतिकडे होतो. उंची मात्र सगळ्यांची जवळजवळ सारखी, 28 ते 30 इंच. म्हणजे उभे केले तर सारखे दिसणारे भाऊ, फक्त तोंडाचा घेर वेगळा. घेर लहान आणि पुडी ताणलेली, की आवाज चढा. घेर मोठा, की आवाज खर्जाचा. तबला आणि डग्गा शेजारी ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

पण इंचांची ही यादी अलीकडची आहे. मुळात ही मापांची नावे नव्हती, कामांची होती. कोण कोणते काम करतो, कोण पाया धरतो, कोण उत्तर देतो आणि कोण मोकळेपणी बोलतो, यावरून ढोलाचे नाव पडे. हा फरक ध्यानात घेतला नाही तर या वाद्याचा इतिहास कळत नाही, फक्त किंमतपत्रक कळते.

आता थोडे मागे जाऊ. उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून धरून क्यूबात आणलेल्या माणसांची संख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा व्यापार एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला तरी चालू होता आणि गुलामगिरी कायद्याने संपली ती 1886 साली. या माणसांत मध्य आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या प्रदेशातले, बांटू कुळातल्या भाषा बोलणारे लोक फार मोठ्या संख्येने होते. स्पॅनिश सत्तेने शहरांतल्या आफ्रिकी लोकांना आपापल्या 'जाती'प्रमाणे मंडळे करू दिली होती, त्यांना 'काबिल्दो' म्हणत. सणावारी एकत्र जमणे, आजारपणात मदत, मयताची सोय, असे त्यांचे काम चाले. सत्तेचा हेतू माणसे विभागलेली राहावीत हा होता, पण त्यामुळे भाषा, देव आणि ढोल टिकून राहिले. मुलुखापासून दूर गेलेले लोक मंडळ काढतात हे आपल्याला नवे नाही. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की आपले पूर्वज नोकरीसाठी, सरदारकीसाठी, व्यापारासाठी आपल्या पायांनी आले होते.

काँगो लोकांच्या ढोलांत 'माकुता' आणि 'युका' ही दोन कुळे तुंबादोराची पूर्वज म्हणून सांगितली जातात. युका ढोल तीन असत, झाडाचे खोड पोखरून केलेले. सर्वांत मोठा 'काहा', मधला 'मुला', सर्वांत लहान 'काचिंबो'. यातली एक गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून इथेच सांगून ठेवतो : युकात मोकळेपणी बोलण्याचा मान सर्वांत मोठ्या ढोलाकडे होता. लहान ढोल ठरलेली चाल धरून राहत आणि मोठा त्यांच्यावरून फिरत असे.

गुलामगिरी संपल्यावर माणसे मळ्यांतून हवाना आणि मातान्सास या बंदरांत आली आणि गोदीत हमाली करू लागली. तिथे, वस्त्यांच्या समाईक अंगणांत, 'रुंबा' जन्माला आला. सुरुवातीला त्याला ढोल नव्हतेच, लाकडी खोकी होती. सुकवलेल्या कॉड माशाच्या मोठ्या खोक्यावर खर्जाचे ठोके आणि मेणबत्त्यांच्या लहान खोक्यावर चढे ठोके. या खोक्यांना 'काहोन' म्हणतात आणि रुंब्याच्या 'यांबू' या संथ प्रकारात ती आजही वाजवतात. ताल धरायला दोन गुळगुळीत लाकडी दांडके, 'क्लावेस'. जहाजबांधणीत फळ्या पक्क्या करायला ज्या कठीण लाकडाच्या खुंट्या वापरत, त्यांच्याशी या दांडक्यांचे नाते फेर्नांदो ओर्तिस या क्यूबन विद्वानाने जोडले आहे. गोदीत पडलेल्या वस्तूंतून संगीत उभे राहिले असे म्हणतात, ते अलंकारिक नाही, अक्षरशः खरे आहे.

पिंपेही तिथलीच. दारू, ऑलिव्ह, चरबी, सगळा माल लाकडी पिंपांतून ये-जा करी आणि पिंपे बांधणारे कारागीर प्रत्येक बंदरात असत. फळ्या गरम करून वाकवायच्या, एकीला एक भिडवायच्या आणि बाहेरून लोखंडी पट्ट्या आवळायच्या. तुंबादोरा याच रीतीने बांधतात. म्हणून त्याचे पोट फुगीर. आफ्रिकेतला पोखरलेल्या खोडाचा ढोल आणि युरोपातली पिंप बांधण्याची कला यांचे हे लग्न क्यूबाच्या बंदरात लागले. या ढोलाला खाली तळ नसतो. बसून वाजवणारा माणूस तो गुडघ्यांत धरून जरासा तिरका करतो, कारण तळाचे तोंड जमिनीवर टेकले तर खर्ज कोंडतो.

कातडे तोंडावर खिळ्यांनी ठोकलेले असे. ते सैल पडले की एकच इलाज, विस्तव. हलगी वाजवणारे गवत-कागद पेटवून तिचे तोंड शेकतात ना, अगदी तसेच. हवानाच्या दमट हवेत दोन गाणी झाली की सूर उतरे, मग पुन्हा शेकणे. घराघरांत मेणबत्ती किंवा वर्तमानपत्राचा जाळ हा ढोलाच्या सामानाचा भाग होता. अशा ढोलाचा नेमका स्वर काय, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारलाच नसता. तीन ढोल एकमेकांपासून स्पष्ट वेगळे ऐकू आले की काम झाले.

हे तीन ढोल म्हणजेच आपला मूळ विषय. रुंब्यात सर्वांत खालचा तो 'सालिदोर', म्हणजे आधी निघणारा. त्यालाच 'तुंबादोरा' किंवा 'एंब्रा', म्हणजे मादी, असेही म्हणतात. तो सुरू करतो आणि शेवटपर्यंत जवळजवळ बदलत नाही. मधला 'त्रेस दोस', शब्दशः तीन-दोन, किंवा 'त्रेस गोल्पेस', तीन ठोके. तो सालिदोरच्या मोकळ्या जागांत उत्तरे भरतो. या दोघांच्या बोलण्यातून एक चाल ऐकू येते, जी दोघांपैकी एकटा कोणीच वाजवत नसतो. आणि त्यांच्या वर सर्वांत लहान, चढा 'किंतो', शब्दाचा अर्थ पाचवा. त्याला ठरलेली चाल नाही. तो गायकाला टोकतो, नाचणाऱ्याला चिडवतो, त्याच्या पायांना पायाने नव्हे तर हाताने उत्तर देतो. 'कोलुंबिया' या प्रकारात एकच पुरुष नाचतो आणि त्याची व किंतोची उघड चढाओढ चालते.

युकात बोलण्याचा मान मोठ्या ढोलाचा होता हे वर सांगितले. रुंब्यात तो सर्वांत लहानाकडे आला. माझ्या मते या वाद्याच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे आणि ती कोणत्याही तारखेला घडलेली नाही. कोणी ठराव केला नाही. खर्जाची जागा चढ्या आवाजाने घेतली आणि आपल्या कानांत आज जो 'काँगा' वाजतो तो या उलटापालटीतून आलेला आहे.

सभ्य समाजाला हे सारे मान्य होते असे समजू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्यूबा स्वतंत्र झाला, पण नव्या राज्यकर्त्यांना युरोपसारखे दिसायचे होते. आफ्रिकी ढोल म्हणजे रानटीपणा, गुन्हेगारी, जादूटोणा. स्वतः ओर्तिस यांचे 1906 सालचे पहिले पुस्तक याच दृष्टीने, गुन्हेशास्त्र म्हणून लिहिलेले आहे. पुढे याच माणसाने आयुष्य या संगीताच्या अभ्यासाला दिले आणि 1952 ते 1955 या काळात क्यूबाच्या आफ्रिकी वाद्यांवर पाच खंड लिहिले. विद्वानाने मत बदलावे तर असे. दरम्यान हवानाच्या कार्निव्हलातल्या मिरवणुकी, 'कोम्पार्सा', 1913 च्या सुमारास बंद करण्यात आल्या. त्या पुन्हा निघाल्या 1937 साली. त्यांना परवानगी द्यावी असा अहवाल देणाऱ्यांत ओर्तिस होते.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सांतियागो शहरात, 1925 साली महापौरांनी कार्निव्हलातली 'काँगा' मिरवणूक आणि तिचे ढोल शहराच्या सभ्यतेला काळिमा म्हणून बंद केले. या महापौरांचे नाव देसिदेरिओ आर्नाझ. त्यांचा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. 1933 साली क्यूबात क्रांती झाली, आर्नाझ यांना तुरुंगात टाकले, मालमत्ता गेली आणि कुटुंब अमेरिकेत मायामीला गेले. पोट भरायला मुलगा गाऊ-वाजवू लागला. त्याने गळ्यात पट्टा अडकवून लांबट ढोल घेतला आणि हॉटेलांतल्या गोऱ्या पाहुण्यांना एकामागे एक उभे करून काँगा शिकवली : तीन पावले आणि चौथ्याला लाथ. 1930 च्या दशकाच्या अखेरीस या नाचाचे अमेरिकेला वेडच लागले. हा मुलगा देसी आर्नाझ. 1951 पासून अमेरिकन दूरदर्शनवर गाजलेल्या 'आय लव्ह लूसी' मालिकेतला नायक तोच. बापाने जे रस्त्यावरून हाकलून दिले ते मुलाने घरोघर पोचवले. त्या नाचाबरोबर जो ढोल दिसे त्याला अमेरिकन लोक 'काँगा ड्रम' म्हणू लागले आणि तुंबादोराचे जगातले नाव ठरून गेले. सांतियागोत मात्र आजही काँगा म्हणजे मिरवणूकच. आणि तिच्यात तुंबादोरा मुख्य नाही. निमुळते 'बोकू' ढोल, लोखंडी चकत्या आणि चिनी मजुरांकडून आलेली कर्कश तुतारी, 'कोर्नेता चिना', ही तिची ओळख.

नाव परदेशात ठरले, पण ढोलाला सभागृहात खुर्ची मिळाली ती क्यूबातच. आर्सेनिओ रोद्रीगेस हे काँगो वंशाचे वादक लहानपणी जनावराच्या लाथेने आंधळे झालेले. 'त्रेस' या तंतुवाद्यावर त्यांचे प्रभुत्व होते. 1940 च्या आसपास त्यांनी आपल्या नृत्यवृंदात पियानो आणि जास्तीच्या तुताऱ्यांबरोबर तुंबादोरा आणला. त्याआधी अशा वृंदांत छोटे बोंगो चालत, वस्तीतला मोठा ढोल नव्हे. आज सालसा म्हणून जे ऐकू येते त्याचा कणा या बदलात आहे. पुढे हवानाचे चानो पोसो न्यूयॉर्कला गेले आणि 29 सप्टेंबर 1947 रोजी डिझी गिलेस्पी यांच्या जाझवृंदाबरोबर कार्नेगी हॉलमध्ये वाजवले. जाझमध्ये हा ढोल पाहुणा न राहता घरचा झाला तो तिथून. पोसो यांना त्याचे फळ बघता आले नाही. 2 डिसेंबर 1948 रोजी हार्लेममधल्या एका बारमध्ये त्यांचा गोळी घालून खून झाला. वय 33.

आता मापांकडे परत येतो. तीन ढोल, तीन माणसे, हा रुंब्याचा नियम. नृत्यवृंदात एवढी माणसे कोण पोसणार? कांदिदो कामेरो 1946 साली एका नर्तक जोडीबरोबर न्यूयॉर्कला आले आणि दोन वादकांचे काम एकटेच करू लागले, एका ढोलावर पाया आणि दुसऱ्यावर किंतोचे बोलणे. पुढे त्यांनी तिसरा ढोल घेतला, तिन्ही वेगवेगळ्या स्वरांत लावले आणि त्यांवर चक्क धून वाजवली. 2020 साली ते वारले तेव्हा 99 वर्षांचे होते. कार्लोस वाल्देस, ज्यांना सगळे 'पातातो' म्हणत, यांनीही स्वरांत लावलेल्या ढोलांचा ध्यास घेतला. पण धून वाजवायची तर स्वर टिकला पाहिजे, आणि मेणबत्तीने स्वर टिकत नाही. म्हणून खिळे गेले. कातडे लोखंडी कड्यात बसवून, बाजूच्या पाच-सहा आकड्यांच्या बोल्टांना पाना लावून आवळायची सोय 1950 च्या दशकात रुळली. तबल्याचे गट्ठे हातोडीने ठोकणाऱ्याला यातली सोय एका दृष्टिक्षेपात कळेल.

बोल्ट आला आणि मागोमाग इंच आले. कडे आणि कातडे बदलता यायचे तर तोंडाचे माप ठरलेले हवे. त्यातच अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केला आणि तिथून येणारे ढोल मिळेनासे झाले. या तुटवड्यातूनच मार्टिन कोहेन यांनी 1964 साली न्यूयॉर्कमध्ये 'लॅटिन पर्कशन' ही कंपनी काढली. लाकडाच्या जोडीला फायबरग्लासचे ढोल आले. किंतो, काँगा, तुंबा ही नावे याद्यांत छापली गेली ती आता कामाची नव्हे, घेराची नावे म्हणून. मधल्या ढोलाचे 'त्रेस दोस' हे नाव यादीतून गळाले आणि त्याच्या जागी 'काँगा' बसला. दुकानातून पावणेबारा आणि साडेबारा इंचांची जोडी घेणाऱ्या मुलाला मधल्या ढोलाचे काम उत्तर देण्याचे होते, हे सांगायला यादीत जागा नसते.

कातड्याविषयी दोन शब्द. पूर्वी खेचर आणि गाय, आता गाय आणि म्हैस. जैन घरात वाढलेल्या माणसाला हे लिहिताना अडखळायला होते, आणि कृत्रिम पुड्या निघाल्या याचे मला बरे वाटते. वादक म्हणतात की त्यांत तो आवाज नाही. असेल. डॉक्टर म्हणून मला जास्त काळजी हातांची वाटते. या ढोलाला काठी नाही. उघडा ठोका, दाबलेला ठोका, चापटीसारखा फाडणारा ठोका आणि तळव्याचा खर्ज, सगळे नुसत्या हाताने, तासन् तास. 1974 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात काँगा वाजवल्यानंतर लघवीचा रंग गडद होण्याविषयी अहवाल आला होता. हाताच्या आघातांनी रक्तातल्या तांबड्या पेशी आणि स्नायूंतले तंतू फुटतात आणि त्यांतले रंगद्रव्य मूत्रावाटे बाहेर पडते. लांबचे संचलन करणाऱ्या सैनिकांत पायांच्या आपटण्याने असेच होते, हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक होते. आपल्या ओळखीत कोणी ऑर्केस्ट्रात वाजवणारे असतील आणि रात्रभराच्या कार्यक्रमानंतर असे काही सांगू लागले, तर हसण्यावारी नेऊ नका, तपासणी करून घ्यायला सांगा.

आपल्याकडे हा ढोल आला तो मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंतून. पारशी वादक कावस लॉर्ड यांनी काँगा आणि बोंगो हिंदी चित्रपटसंगीतात रुजवले. गोव्याच्या हळदोण्याचे तुतारीवादक चिक चॉकलेट आपला नृत्यवृंद घेऊन मुंबईच्या हॉटेलांत वाजवत, आणि आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांनी अशा वादकांना हाताशी धरून 1951 च्या 'अलबेला'त लॅटिन तालांची मजा उडवून दिली. पारशी, गोवेकर आणि मराठी माणसांच्या हातून हवानाच्या गोदीतला ढंग आपल्या आजी-आजोबांच्या रेडिओवर आला. त्या काळी त्यांनी तो 'इंग्रजी वाजवणे' म्हणून ऐकला, हे त्या ढोलाचे आणखी एक चुकलेले नाव.

क्यूबात 2016 साली रुंब्याला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. मातान्सासमध्ये 1952 साली स्थापन झालेला 'मुन्येकितोस दे मातान्सास' हा वृंद अजून वाजवतो. त्यांचे ध्वनिमुद्रण मिळाले तर पहिल्यांदा शब्दांकडे लक्ष देऊ नका. खालचा सालिदोर पकडा, तो सोपा आहे. मग त्याच्या मधल्या रिकाम्या जागांत कोण बोलते आहे ते शोधा, याला दोन-तीन वेळा ऐकावे लागेल. किंतो आपोआप कानांवर येईल. तिथे अजून तीन ढोलांना तीन माणसे असतात, आणि किंतो वाजवणाऱ्याची नजर स्वतःच्या हातांवर नसते. ती नाचणाऱ्याच्या पायांवर असते.